अर्धवट ऐकलेला कॉल

संपदा केळुसकर गेली चौदा वर्षं परक्या माणसांनी मागितलेल्या माफ्या ऐकत आली होती. वसईकडच्या बोळिंजमधल्या फ्लॅटमध्ये खिडकीशी टेबल टाकून ती सकाळी नऊला हेडफोन चढवून बसे, ती संध्याकाळी सहाला उठे. इंग्लंडात पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीचं कॉल सेंटर मालाडला होतं. तिथली माणसं तिकडच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलत, आणि ते बोलणं नियमाला धरून झालं का, हे संपदाने रेकॉर्डिंग ऐकून ठरवायचं. गिऱ्हाईक चिडलेलं असेल तर पहिल्या वीस सेकंदांत ‘सॉरी’ आलं पाहिजे. ‘आय अंडरस्टँड’ एकदा तरी हवं. आवाजातल्या कळकळीला दहापैकी गुण.

एक गोष्ट मात्र अजिबात चालत नसे. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे’ असं शंभरदा म्हणा, पण ‘चूक माझी’ असं एकदाही म्हणायचं नाही. चूक कबूल केली की भरपाईचा दावा आलाच, असं कंपनीचं म्हणणं. त्या शब्दांना थेट शून्य, आणि अशी दोन शून्यं पडली की नोकरी गेली.

सुरुवातीला संपदाला या कामाची गंमत वाटायची. ‘सॉरी’, ‘अपॉलॉजाइज’, ‘रिग्रेट’, प्रत्येकाचं वजन वेगळं, हे तिला पटकन कळायचं. आता सेहेचाळिसाव्या वर्षी तिचे कान नुसते ठणकत. नवऱ्याच्या, श्रीरंगच्या हातून कप फुटला आणि तो सॉरी म्हणाला, तरी तिच्या मनात गुण पडून जात: आवाज सपाट, चार.

टोनी डाबरेचा कॉल तिच्याकडे जूनमध्ये आला. टोनी जवळच्याच नंदाखाल गावचा, पन्नाशी ओलांडलेला, कंपनीत तिच्याही आधीपासूनचा. ती नवी असताना, मालाडच्या ऑफिसात, स्कॉटलंडकडचे उच्चार तिला कळेनात, तेव्हा यानेच जेवणाच्या सुट्टीत बसून शिकवले होते. त्या दिवशी तिचे वीस कॉल झाले होते, हा एकविसावा. मिसेस हॅलोवे नावाच्या म्हाताऱ्या बाई विचारत होत्या, बहिणीने मरण्याआधी शिवलेली गोधडी चार महिने झाले तरी कुठे आहे? टोनी म्हणाला, “इट वॉज माय मिस्टेक, मॅम. पत्ता मीच चुकीचा टाकला.”

संपदाने तिथेच रेकॉर्डिंग थांबवलं, शून्य टाकलं आणि चहा करायला उठली. टोनीचं ते दुसरं शून्य होतं. पंधरवड्यात तो घरी बसला.

सप्टेंबरमध्ये तिचा साहेब, उमंग, याचा फोन आला. कुणा मिसेस हॅलोवेंचं पत्र आलं होतं, गोधडी मिळाली म्हणून. त्या कॉलचं रेकॉर्डिंग त्याला हवं होतं. पाठवण्याआधी संपदाने ते लावलं, आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. टोनीच्या वाक्यानंतर बाई रडल्या होत्या. मग म्हणाल्या, “चार महिन्यांत खरं बोललेला तू पहिला माणूस. थँक यू.”

गिऱ्हाइकाने स्वतःहून आभार मानले तर ते शून्य रद्द होतं, असाही एक नियम होता. तो फक्त तपासणाऱ्यांच्या कागदावर असे, आणि त्याचा रकाना तिनेच भरायचा.

तिने त्याच दिवशी उमंगला लेखी कळवलं. उत्तर आलं: गुण सुधारले आहेत, पण जागा भरली गेली आहे.

शनिवारी दुपारी ती रिक्षा करून नंदाखालला गेली. टोनी ओटीवर सुपात चवळीच्या शेंगा निवडत होता. त्याची बायको सँड्रा दारात उभी राहिली. तिने बसा म्हटलं, पण हसली नाही.

“टोनी, सॉरी,” संपदा म्हणाली. “आय ॲम रिअली...”

“वीस सेकंदांच्या आत आलं, मॅडम,” टोनी शेंगांवरची नजर न उचलता म्हणाला. “पुढे?”

मग तिने सगळं सांगितलं, मराठीत, अडखळत. “तुमचा कॉल मी अर्धाच ऐकला. पूर्ण ऐकला असता तर शून्य टाकताच आलं नसतं.”

“अर्धा का?”

“दमले होते.” मग तिनेच पुढे म्हटलं, “दमतात सगळेच. ते कारण नाही.”

टोनीने सूप बाजूला सारलं. “म्हणजे इतके दिवस मी नियमाला शिव्या घालतोय, आणि नियम नव्हताच?”

“नियम होता. तो तुमच्या बाजूने होता.”

“तुम्हाला माहितीय का,” सँड्रा दारातूनच बोलली, “हा माणूस तीन महिने घरात धड बोलला नाही. आपल्याच तोंडाने आपला घात केला म्हणायचा. पोरीलाही सांगायचा, काही झालं तरी चूक कबूल करू नको.”

टोनीने विचारलं, “म्हणजे मी त्या बाईंना बोललो ते बरोबर होतं?”

“बरोबर होतं.”

“तुमच्या कागदावर पण?”

“कागदावर पण.”

त्याने मान हलवली. “ऐकून बरं वाटलं. पण राग आहे, मॅडम. तुम्ही आलात म्हणून तो जाईल असं नाही.”

“नाही गेला तरी चालेल,” संपदा म्हणाली. सँड्राने पाणी आणून दिलं. ती निघाली तेव्हा टोनी रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यावर उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात त्याचा एका ओळीचा मेसेज आला. वसईतल्या एका हॉस्पिटलमध्ये चौकशीच्या खिडकीवर जागा होती, आणि जुनी नोकरी का सुटली ते तिथे लेखी हवं होतं. कंपनीच्या कागदावर असलं काही मिळणार नाही, असं उमंगने सांगितलं. तेव्हा संपदाने साध्या कागदावर इंग्रजीत लिहिलं. ‘रिग्रेट’ लिहून खोडलं, ‘इनकन्व्हीनियन्स’ खोडलं. शेवटी चारच ओळी उरल्या: काय झालं, कुणामुळे झालं, टोनीचा त्यात दोष नव्हता. खाली पूर्ण नाव आणि सही.

जागा त्याला मिळाली, हे महिन्याभराने सँड्राच्या फोनवरून कळलं. कागदामुळे मिळाली की त्याच्या इंग्रजीमुळे, ते तिने सांगितलं नाही, संपदानेही विचारलं नाही. टोनीचा फोन आला नाही.

संपदा आता प्रत्येक कॉल शेवटपर्यंत ऐकते. दिवसाचे बावीस होत, ते पंधरावर आलेत. उमंगने दोनदा विचारलंय. संध्याकाळी ती उठते तेव्हा मान आखडलेली असते, डोकं जड असतं, आणि भाजीला जाताना श्रीरंगला म्हणते, “आज तूच बोल दुकानात. मला काही ऐकायचं नाहीये.”