पिवळ्या कडीचा कुरव

भातावर टाकलेल्या काळ्या तिळांचा वास आला की मला पंचगंगेचा घाट आठवतो. त्या सकाळी धुकं नदीला चिकटून होतं आणि मी दुर्बीण लावून, थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या कुरव पक्ष्यांच्या पायांत अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेल्या रंगीत कड्या शोधत होतो. शेजारी, सरहद्दीवर बर्फात गेलेल्या उचगावच्या एका जवानाचा दहावा चालला होता. कावळे भोवती बसलेले, पण पिंडाला एकही शिवेना. चुलते हात जोडून कबूल करत होते, "पोरीचं शिक्षण आमी करतो रं बाबा." कावळे ढिम्म. तेव्हा त्याची आई म्हणाली, "दम धरा की. लडाखातनं यायचाय त्यो." आणि धुक्यातून एक कुरव सरळ घाटावर उतरला. एरवी अंगावर धावून जाणारे कावळे गुपचूप मागं सरले. त्यानं घास उचलला तेव्हा डाव्या पायातली पिवळी कडी दिसली. तिच्यावरची अक्षरं मी अभ्यासकांना कळवली. उत्तर आलं, ही कडी लडाखमधल्या एका तळ्याकाठी घातलेली आहे. उचगावला जाऊन मी त्या माउलीला सांगितलं, तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "ते ठावं हाय," ती म्हणाली, "परत कवा जायचा, तेवढं सांगा पावणं." मी म्हणालो, उन्हाळा लागला की जातात सगळे. त्याला बरीच वर्षं झाली. यंदा उन्हं तापली, रंकाळ्यावर एकही कुरव उरला नाही, आणि काल तिचा फोन आला. "पावणं," ती हळूच म्हणाली, "ह्यो अजून जाईना की." तिच्या मागं, परड्यातून, कुरवाचा आवाज येत होता.