आजोबांनी न चाखलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना मी दरवर्षी ‘माहिती कुठून घेतली ते शेवटी लिहा’ असं बजावते, त्या पोरांना तर नाहीच. तुम्हाला सांगते. हसू आलं तर हसा. मलाही येतं, मग लाज वाटते.

आमचं गाव नांदुऱ्याजवळ, खारपाण पट्ट्यातलं — विहिरींनाही खारं पाणी. नववीत सरांनी प्रकल्प दिला — गावातल्या विहिरींचं पाणी. तेव्हा मोबाईल नव्हते. चोरायचं तर मैत्रिणीच्याच वहीतून. माझी मैत्रीण वंदना. ती विहिरी-विहिरींवर गेली, पाणी चाखून आली. कुठल्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुठल्या पाण्यात चहा नासतो, हे घरोघरी विचारून लिहिलं. त्यात तिचं पोट बिघडलं. मी काय केलं? माझं अक्षर चांगलं, म्हणून शीर्षकं काढायला तिनं वही माझ्याकडे दिली — आणि मी शीर्षकांवर थांबले नाही. सगळं उतरवलं आणि तिच्या आधी नेऊन दिलं.

पण सर म्हणाले, माहिती कुणी दिली त्यांचं नाव लिही, मी भेटून येतो. आता कुणाचं लिहू? जिवंत माणूस विचारलं की बोलतो. मग मी नुकत्याच वारलेल्या आजोबांचं नाव लिहिलं.

आजोबांनी जन्मात कुठल्या विहिरीत डोकावलं नव्हतं. पाण्यानं पोट जड होतं म्हणायचे आणि चहावर राहायचे. पण सरांचे डोळे भरून आले. वंदनाची वही पाहून मात्र नक्कल करतेस म्हणून तिला झापलं आणि दुसरा विषय दिला. तिनं तो लिहून घेतला. मधल्या सुटीत मी चाचरत विचारलं, खरं का सांगितलं नाहीस?

“मेलेल्या माणसाले खोटं कसं पाडू वं?”

मला हायसं वाटलं. लाज नाही — हायसं. चोरीपेक्षा हेच मला जास्त टोचतं.

पुढे ती माहिती शाळेच्या भिंतीवर रंगवली गेली, खाली आजोबांचं नाव. दर झेंडावंदनाला बाबा त्या भिंतीपाशी उभे राहतात. ज्या बापाला ते जन्मभर रिकामटेकडा म्हणाले, तो पाण्यातला जाणकार होता, असं आता पाहुण्यांना सांगतात. मी कुठल्या तोंडानं बोलू?

आता मी त्याच शाळेत शिकवते. यंदा पाण्याचा प्रकल्प मीच दिला. पोरांनी मोबाईलवरून उतरवलं; एकाच्या प्रकल्पात तर आमच्या गावाला समुद्रकिनारा होता. मी तासभर चोरीवर बोलले, चांगला आवाज चढवून. प्रामाणिकपणे काम केलं होतं एकाच मुलीनं. वंदनाच्या — तिचं सासर गावातच. मुलीनं भिंतीवरची माहिती घेतली होती आणि मी शिकवलं तसं शेवटच्या पानावर नीट लिहिलं होतं : ‘संदर्भ — शाळेची भिंत. माहिती देणारे — कै. नामदेव आजोबा.’

खाली पालकाची सही होती. वंदनाची.

मी त्या पानाला पैकीच्या पैकी गुण दिले.