कानात वाजलेला पाळणा

कुणालाही ऐकू न जाता गोंगाट करू शकणारा माणूस या जगात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात कारकून होते. अंगानं किरकोळ, आणि पाऊल इतकं हलकं की उतरून गेले तरी जिन्याला पत्ता लागू नये. पण डोक्यात मात्र अष्टौप्रहर काही ना काही वाजत असायचं. फरशीवर चमचा पडला तर चहा तसाच ठेवून ते तो पुन्हा पाडत आणि मान तिरकी करून ऐकत. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना कर्ण्याचा आवाज फाटतोय हे त्यांना सहन होईना. त्यांनी अंतरपाटाआडून लाउडस्पीकरवाल्याला डोळ्यांनी अन् भुवयांनी अशा काही खुणा केल्या की त्या आपल्यासाठीच आहेत असं समजून आमची मेव्हणी भर मांडवात लाजली. खरा प्रकार तिला पुढं चारपाच महिन्यांनी कळला, तोवर बिचारी सुखात होती.

सोलापूरच्या पूर्व भागात एकाच घरात आम्ही खाली आणि ते वर, असे बरीच वर्षं राहिलो. त्यांच्याकडं एक जुना रिळांचा टेपरेकॉर्डर होता, एक कॅसेटचा होता, आणि दोन्हींचा आवाज एकत्र करायला त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बटणं बसवून स्वतः केलेलं एक यंत्र होतं. सुरुवातीला हे सगळं उघड्यावर चाले. त्यांना हेडफोन लावायला लावला तो मी. माझ्या आईला अर्धशिशीचा त्रास होता. एक दिवस वर जाऊन मी म्हटलं की आईला आवाज सोसत नाही. आईपेक्षा मलाच तो जास्त सोसत नव्हता, हे काही म्हटलं नाही. मी मुळात कमी बोलतो, आणि जे बोलायचं राहतं ते मला पुढं वर्षानुवर्षं टोचत बसतं. त्यांनी राग धरला असता तर बरं झालं असतं. तसं न करता त्यांनी जुन्या बाजारातून लष्करातला कुठलासा हेडफोन शोधून आणला. तो इतका जड की लावला की मान आपोआप नम्र व्हायची. शिवाय खाली येऊन माझेच आभार मानले. म्हणाले, ‘‘साडूभाऊ, तुमच्यामुळं झालं हे. ह्यात श्वाससुद्धा कळतो हो.’’

यातली गंमत अशी की आमच्या भिंतीला भिंत लागून चादरींचे माग होते आणि ते सकाळपासून रात्रीपर्यंत खडखडत. मागांबद्दल आईनं कधी तक्रार केली नाही, मीही नाही. आमच्या भागात मागाचा आवाज आवाजात धरतच नाहीत. बाहेरगावचे पाहुणे आले की पहिल्या दिवशी ओरडून बोलायचे, आणि यांना कमी ऐकू येतं वाटतं, असं म्हणून आम्ही हळहळायचो.

हेडफोन आल्यापासून साडूंचं संगीत पाहण्याची गोष्ट झाली. कचेरीतून आले की कपडे बदलून ते यंत्रापुढं मांडी घालून बसत आणि तिथून पुढं वरच्या खोलीतून चकार शब्द येत नसे. दारातून पाहावं तर डोळे मिटलेले, एक हात हवेत, दुसरा बटणावर, मान डोलतेय, मधेच चेहरा असा वेडावाकडा की कुणी चिमटा काढला असावा. मेव्हणी जेवायला बोलावताना दिवा दोनदा घालवून लावायची. एकदा नवीन दूधवाल्यानं हे दृश्य पाहिलं आणि खाली येऊन आईला दबक्या आवाजात सांगितलं, ‘‘वरच्या सायबांना बाहेरचं कायतरी झालंय बगा.’’ आई तशीच अंगारा घेऊन वर गेली. साडूंनी डोळे न उघडता कपाळ पुढं केलं, अंगारा लावून घेतला आणि बटण किंचित उजवीकडं फिरवलं. आई खाली येऊन म्हणाली, ‘‘गुण आला हो लगेच.’’

तबला ते स्वतःच वाजवत. तो टेपवर घ्यायचा तर खाटेभोवती चादरी सोडून आत बसत. सोलापूरचा उन्हाळा आणि चारी बाजूंनी सोलापुरी चादरी, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. बाहेर येत तेव्हा नुकते विहिरीतून काढल्यासारखे दिसत. मग एका यंत्रावर गाणं, दुसऱ्यावर तबला, दोन्ही एकदम सुरू करून तिसऱ्या, कुणाकडून तरी मागून आणलेल्या यंत्रावर ते एकत्र उतरवून घेत. दोन यंत्रं सारख्या वेगानं कधीच चालत नाहीत. गाणं पुढं पळायला लागलं की साडू फिरत्या रिळाला बोट लावून त्याला थोपवत, इतकं हळुवार की झोपलेल्या पोराच्या गालाला लावावं. आणि हे झालं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कितीही चांगलं उतरलं तरी ‘‘अजून जरासं’’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

आमचे सासरे रेल्वेत गार्ड होते आणि निवृत्तीनंतर कुर्डुवाडीलाच घर करून राहिले होते. सासूबाईंचा गळा विलक्षण. बारशाला पाळणा म्हणायला त्यांना लांबून बोलावणी येत. पण गाणं बायकांत. पुरुष ओसरीवर आले की त्या थांबायच्या, आणि सासरे तर उभा जन्म गाडीवर. त्या वर्षी सासऱ्यांच्या हृदयानं दगा दिला आणि ते अंथरुणाला खिळले. आम्ही दोघे जावई भेटायला गेलो तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात आहेत असं पाहून ते साडूंना म्हणाले, ‘‘जावईबापू, समद्या कुर्डुवाडीनं हिचं गाणं ऐकलंय. मीच तेवढा राहिलो की.’’

साडूंनी हे मनावर घेतलं. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘‘ह्या वयात नवऱ्यापुढं बसून गाऊ व्हय? तुमी बी काय.’’ बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर त्या शेजारणीच्या घरात, यंत्रापुढं गायला तयार झाल्या. अट एकच, चार माणसांत हे वाजवायचं नाही. यंत्राचं बटण मेव्हणीनं दाबलं, आणि आवाजासाठी जीव टाकणारे आमचे साडू तेवढा वेळ लांब स्टेशनवर जाऊन बसले. नुसता पाळणा मामांना, म्हणजे सासऱ्यांना, कसा ऐकवायचा, त्याला तबल्याची साथ हवीच, असं त्यांनी ठरवलं. मग सोलापुरात कित्येक संध्याकाळी अजून जरासं, अजून जरासं चाललं. तिकडून सासऱ्यांची तब्येत उतरत चालल्याचे निरोप येत होते आणि मेव्हणी दिवा दोनदा सोडून चारचारदा घालवू लागली होती. शेवटी तिनं रीळच काढून पिशवीत घातलं.

रविवारी आम्ही सगळे कुर्डुवाडीला पोचलो. सासऱ्यांनी सकाळीच न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली होती, धुतलेला सदरा घातला होता आणि उशीला टेकून ते तयार बसले होते. साडूंनी आधी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तो मला दिला. कानात सासूबाईंचा पाळणा होता, अगदी शेजारी बसून म्हटल्यासारखा. तबला मात्र गावाबाहेर कुणी दार वाजवत असावं एवढाच.

‘‘घरी होता हो,’’ साडू पुटपुटले. मग त्यांनी खिडकीकडं पाहिलं. बाहेर दुपारची चिडीचूप शांतता होती. ते एवढंच म्हणाले, ‘‘माग.’’

तेव्हा मला उमगलं. इतक्या संध्याकाळी हेडफोनमधून मागांचा ठेका त्यांच्या कानात झिरपत होता. त्या ठेक्यावरच त्यांनी तबला वाजवला, आणि दोन्ही मिसळून ऐकू येत असल्यानं तबला भरपूर आहे असं समजून त्याचा आवाज कमी कमी करत नेला. चमच्याचा सूर धरणाऱ्या माणसाला भिंतीपलीकडचे माग ऐकूच आले नव्हते. आमच्या भागातल्या माणसाखेरीज असं कुणाचं व्हायचं नाही.

परत नेतो, पुढच्या रविवारी दुरुस्त करून आणतो, असं म्हणत ते वायरी गुंडाळायला लागले. मी सासऱ्यांच्या सदऱ्याकडं पाहिलं. छातीची हाडं त्यातून मोजता येत होती. एरवी मी कशात पडत नाही, पण त्या दिवशी साडूंचा हात धरला आणि म्हटलं, ‘‘लावा.’’

सासऱ्यांच्या डोक्यावर तो जड हेडफोन चढला. आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, रीळ तेवढं फिरत होतं. सासूबाई चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या. सासरे बराच वेळ पापणी न हलवता बसले. मग कान झाकलेला माणूस बोलतो तसे, आपण कुजबुजतोय अशा समजुतीनं, ते गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, ‘‘अगं, ही तू हायस व्हय?’’

‘‘हळू बोला, जावई बसल्यात,’’ सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. सासऱ्यांना ते कुठून ऐकू येणार?

‘‘इतकी वर्सं मी इंजिनाच्या शिट्ट्या ऐकत हिंडलो,’’ सासरे त्याच आवाजात म्हणाले, ‘‘आन् हे घरात हुतं?’’

समोरच्या घरातली बाई दारात आली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय ते पाठमोऱ्या असल्यानं दिसलं नाही.

संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो होतो. साडूंनी विचारलं, ‘‘मामांना तबला लागला असेल का हो कानाला?’’ त्यांनी काहीही ऐकवलं की ‘बरं झालंय’ म्हणून उठायची माझी सवय होती. त्या दिवशी खरं सांगितलं. म्हटलं, ‘‘नाही लागला. पण मी जन्मात इतकं चांगलं काही ऐकलं नाही.’’ त्यांनी रिळाची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी जरा वर घेतो तबला.’’

पुढची वेळ आली नाही. सासरे महिन्याभरात गेले.

दिवसकार्य उरकल्यावर, मागांना सुट्टी होती त्या दिवशी साडूंनी कचेरीतून रजा घेतली. गाण्याचं मूळ रीळ आणि तबल्याची मूळ कॅसेट, दोन्ही त्यांच्याकडं होती. गल्ली गप्प होती. आता काय ते बिनचूक होणार, असं म्हणत मी चहा घेऊन वर गेलो. हेडफोन कानाला होता, यंत्रं जोडलेली होती, आणि साडू हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. मी खुणेनंच विचारलं, झालं का?

त्यांनी हेडफोन काढून अलगद बाजूला ठेवला. ‘‘झालं,’’ म्हणाले. ‘‘मामांनी ऐकलं तसंच राहू दे.’’