बाईंचा धर्म कोणता?

शाळेत त्यांना सगळे 'धर्माच्या बाई' म्हणत. नववीच्या मुलांना सगळ्या धर्मांची ओळख करून द्यायची, तीही जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला, म्हणजे पोरं डोळे उघडे ठेवून झोपणार हे ठरलेलंच. बाई मात्र प्रत्येक धर्म इतका जीव ओतून शिकवत, की एके दिवशी मागच्या बाकावरच्या वाचाळ पोरीने न राहवून विचारलंच, "बाई, पण तुमचा धर्म कोणता?"

"तूच ओळख," बाई म्हणाल्या. "मात्र उगाच हवेत बाण नकोत. पुरावा हवा."

झालं! वर्गाला चेवच चढला. बाई उपास करतात का, हात कधी जोडतात, डब्यात काय आणतात, यावर पाळत सुरू झाली. पण एकाने पुरावा आणला की दुसरा म्हणायचा, "हॅट, हे तर आमच्यातही असतं!" मग खरंखोटं करायला दोघंही पुस्तकात डोकं खुपसायचे. ग्रंथालयातलं धर्माचं कपाट कधी नव्हे ते रिकामं झालं.

एकदा वर्गातला आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक तणतणत आले. भांडण कशावरून आहे हे कळल्यावर मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बाई, सांगूनच टाका. स्टाफरूममध्ये आम्हीही कधीपासून डोकं खाजवतोय."

बाई नुसत्याच हसल्या, पण मनातून भलत्याच खूश झाल्या.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "मग, सांगितलंस का?"

"काहीतरीच काय!" चहा गाळत बाई म्हणाल्या. "परीक्षेला अजून महिना आहे. आत्ताच सांगितलं तर पुस्तक कोण उघडणार?"