अंगठ्याखालची बाटली

आमच्या घरात शूर माणसं फार होती, त्यामुळे भिण्याचं सगळं काम माझ्या एकट्याकडे आलं. आजोबा फौजेत, वडील फौजेत, धाकटा भाऊ फौजेत. मी कोरेगावात मराठी शाळेवर मास्तर. (तिथंही इन्स्पेक्शन असलं की मला हटकून ताप यायचा.)

एकाहत्तरची लढाई होऊन दोनेक वर्षं झाली असतील. माझा दोस्त बाजीराव पलटणीतून सुट्टीवर आला होता. त्याच्या साहेबांना इंग्रजांच्या काळातल्या बाटल्या जमवायचा नाद. चार बाटल्या नेल्या की साहेब खूश आणि पुढची रजा पक्की, असं बाजीरावाचं गणित. आमच्या गावाबाहेर औंधच्या वाटेवर जुना डाक बंगला होता. गोऱ्या साहेबांचे खानसामे त्याच्या मागच्या खड्ड्यात बाटल्या फेकत. मी विंचवाचं कारण सांगून पाहिलं, सापाचं सांगून पाहिलं. शेवटी ऐन दुपारी माझ्या हातात कुदळ आली.

तासाभरात शाईच्या दोन दौती, एरंडेलाची निळी बाटली आणि गोटी अडकलेली सोड्याची बाटली निघाली. मला जरा हुरूप आला. त्या भरात मी कुदळ जोरात हाणली आणि टक्क आवाज झाला. वीतभर बाटली होती. अंगाला लाल चिंधी, त्यावर काळा दोरा, बूच लाखेनं बंद. म्हणजे होतं बंद. ते आता माझ्या कुदळीनं उडालं होतं!

बाजीराव चार पावलं मागं सरकला.

"देवऋष्यानं पुरलेली हाय ही," तो म्हणाला. "आत कायतरी कोंडलेलं असतंय. अंगठा लाव तोंडाला. सोडू नगंस."

मी अंगठा लावला. (आतलं आत होतं की केव्हाच बाहेर पडलं होतं, हे विचारायची दोघांचीही छाती झाली नाही.) घराकडे निघालो तसा बाजीराव माझ्यापासून लांब लांब चालू लागला. मी त्याला सरहद्दीवरच्या त्याच्या बहादुरीची आठवण करून दिली.

"तोफेचा गोळा कुठनं येतोय त्ये कळतं तरी, गड्या," तो म्हणाला.

त्याच्या सांगण्यानुसार असलं काही सुटलं, की ते सोडणाऱ्याच्या मागोमाग त्याच्या घरात शिरतं. आणि घरात माझी बायको होती, आठवा महिना लागलेली. लग्नानंतर सहा वर्षांनी आमच्याकडे पाळणा हलायचा होता. मी घरासमोरच्या लिंबाखाली बसलो. जन्मभर एका हातानं फळ्यावर लिहीन, पण हे घेऊन उंबरा ओलांडणार नाही, असं ठरवून टाकलं. अंगठा बधिर झाला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

बाजीरावानं लांबूनच आईला वर्दी दिली. आई आली, तिच्यामागून बायकोही आली. मी दोघींना तिथंच थांबा म्हणून विनवलं. आई कसली थांबते? तिनं माझ्या हातातली बाटली वाकून पाहिली, चिंधी चाचपली.

"ह्यो तर माझ्या चोळीचा खण," ती म्हणाली. "मीच पुरायला लावली व्हती. पाच वर्सांचा व्हतास तवा. कोंबड्याला भ्यायचास, सोत्ताच्या सावलीला भ्यायचास. मग देवऋष्यानं तुझी भीती काढून ह्यात कोंडली."

माझा अंगठा आपोआप सुटला. बायकोला आणि बाळाला कसलाच धोका नव्हता, या एका गोष्टीनं मला इतकं बरं वाटलं की मी आईच्या पायाच पडलो.

बायकोनं मात्र पोटावर हात ठेवून नीट विचार केला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ह्यांची भीती आजपतोर बाटलीत व्हती, तर मग परवा पाल बघून माझ्याआधी खाटंवर चढलं त्ये कोण?"

आईनं बाटली उन्हाला धरली, एक डोळा मिटून आत बघितलं.

"बाटली ल्हान व्हती, बाई," ती म्हणाली. "निम्मीच मावली असंल."