नऊच्या पुढचा आकडा

नातवंडांनो, माझ्या डोक्यावर राहणाऱ्या गृहस्थांइतकं मला आयुष्यात कोणी घाबरवलेलं नाही, शाळेच्या इन्स्पेक्टरनेसुद्धा नाही. डोक्यावर म्हणजे फुलपाड्याच्या आमच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. वालीवच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीन चालवून निवृत्त झालेला हा सत्तरीचा एकटा माणूस रोज सकाळी सहाला वजनं उचलायचा. वजनंही विकतची नव्हेत. भंगारात निघालेले गिअर एका दांड्यात ओवलेले. प्रत्येक गिअर भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून त्यावर लाल रंगात लिहिलेलं, ‘चौदा किलो दोनशे’. “टीचर, वरचे दोनशे ग्रॅम सोडले की माणूस खोटं बोलायला लागतो,” असं ते मला जिन्यात गाठून सांगत. दांडा ते गादीवर अलगद ठेवायचे म्हणे. मला मात्र अंथरुणात रोज वाटायचं, आज स्लॅब अंगावर येणार. मी पलंग तीनदा हलवला. छताला एक भेग होती, तिच्या टोकाला दर महिन्याला पेन्सिलीने खूण करून तारीख घालू लागले.

तशीच एकदा स्टुलावर चढले, खूण केली आणि उतरता येईना. धरायला काही नाही, खाली फरशी, घरात मी एकटी. ओरडले ती नेमकी त्यांच्याच नावाने, “भाऊ!” दार उघडंच होतं. भाऊंनी मला एखाद्या गिअरसारखं, न आपटता, खाली ठेवलं. मी भेगेचं बोलणार तोच म्हणाले, “भेग राहू द्या. हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा बघू.” मला उठता आलं नाही. त्या दिवसापासून छतापेक्षा मला फरशीची भीती बसली. पडले तर उठवणार कोण? तुमच्या बाबांना हे मी आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी शिकवणी सुरू झाली. तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीतून उठायचं, बसायचं. “कमरेने नाही, मांड्यांनी! श्वास कोंडू नका, उठताना सोडा!” दर सोमवारी पिशवीत अर्धा किलो तांदूळ वाढायचा. मोजायचे भाऊच, आणि दोनशे ग्रॅमला जागणारा हा माणूस तिथे सरळसरळ लबाडी करायचा. “सात, आठ, नऊ... नऊ... नऊ...”

“भाऊ, मी इंग्रजी शिकवायचे, तरी नवानंतर दहा येतात एवढं मला कळतं!”

“दहा म्हटलं की अंग ढिलं पडतं, टीचर. चला, उठा. नऊ!”

मग बक्षीस म्हणून निर्मळ गावचं एक केळं. आता सहा किलोची पिशवी घेऊन मी उठते. फरशीवर बसले, तरी एक हात टेकून आपली आपण उभी राहते.

मध्यंतरी कळलं, त्यांना हर्निया आहे. दोन वर्षं पट्टा बांधून लपवला होता. मला रोज “श्वास सोडा” म्हणणारा माणूस स्वतः दात आवळून उचलत होता. ऑपरेशनसाठी त्यांची मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. निघताना जिन्यात त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली दिली. एरवी दोन-दोन पायऱ्या उतरणारे भाऊ त्या दिवशी कठडा धरून उभे होते.

“किती दिवस?” मी विचारलं.

“नऊ.”

वर आता काही वाजत नाही. भेग खुणेपाशी थांबली आहे. फोन केला की मुलगी म्हणते, “बाबा झोपलेत, काकू.” कॅलेंडरवर आज पंधरावा दिवस आहे. सकाळी सहाला मी छताखाली खुर्ची मांडते, पिशवी छातीशी धरते आणि वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मोजते. सात, आठ, नऊ, नऊ, नऊ. मांड्या थरथरतात, पण पुढचा आकडा मी तोंडातून काढत नाही.