करारात अप्पांचा आवाज गेला

मंडळी, आज आमचा गेम स्टुडिओ मोठ्या कंपनीतून बाहेर पडून स्वतंत्र झाला. गारखेड्याच्या ऑफिसात पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच टेबलावर ठेवला.

करारात एक अट होती. चार वर्षं खपून बनवलेला गेम कंपनीकडंच राहणार आणि आम्ही त्याची एकही फाईल ठेवायची नाही. कंपनी तो गेम कधीच बाहेर काढणार नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे.

त्या गेममधल्या नावाड्याला माझ्या अप्पांचा आवाज होता. अप्पा म्हणजे माझे वडील. शाळेत जाण्याआधी घरी त्यांनीच मला लिहायला-वाचायला शिकवलं. मागच्या वर्षी ते गेले. "नीट बस गं माय, नाव लई हलतीय," गेममधलं एवढंच वाक्य, पण ते किती मनापासून बोलले होते!

"मोबाईलमधी ठेव की एक फाईल. कोण बघायला येतंय?" शेजारच्या टेबलावरची सबा म्हणाली.

पण 'माझ्याकडे काहीही नाही' असं लिहून द्यायचं होतं. खोटं कसं लिहू? मी मोबाईलमधलंही पुसलं आणि सही केली.

निघताना आमच्या साहेबांना, इमरानभाईंना, अप्पांच्या आवाजाचं सांगितलं. ते म्हणाले,

"बेटा, आधी बोलायचं ना! तेवढा आवाज मी करारातून सोडवून घेतला असता. आता कुणाला विचारू? गेम काढायचाच नाही म्हणून कंपनीनं त्यांच्याकडचं सगळं दुपारीच पुसून टाकलं."

परवानगी मागता येते, हे मला सुचलंच नाही.

खरं सांगा, तुम्ही असता तर विचारलं असतं ना?